फीच्या पावतीवरचं मधलं नाव

हरेश घरत कंटेनरच्या सीलवरचा नंबर वाचतो. वीस वर्षं तो हेच काम करतो आहे, आणि उरण पट्ट्यातल्या गोदामांत हे काम त्याच्याइतकं चोख करणारा दुसरा माणूस नाही, हे आमच्या गावातलं कुणीही छातीवर हात ठेवून सांगेल. ट्रेलर फाटकात येऊन उभा राहतो. कंटेनरच्या दाराच्या कडीत बोटाएवढं लोखंडी सील असतं. हरेश वाकतो, अंगठ्याने त्यावरची धूळ पुसतो आणि नंबर मोठ्याने वाचतो. मग म्हणतो, "परत सांग." समोरचा कागदावरचा नंबर परत वाचतो. दोन्ही जुळले तर कंटेनर आत जातो. एक आकडा जरी वेगळा निघाला तरी कंटेनर बाजूला लावतात, आणि मग तो तिथे उन्हात किती दिवस तापत राहील ते कुणीच सांगू शकत नाही.

असे कितीतरी कंटेनर हरेशने बाजूला लावले असतील. त्यांचा पुढे काय निकाल लागतो, याचा विचार त्याने कधी केला नव्हता. तो विचार त्याच्यावर मागच्या डिसेंबरात येऊन आदळला.

त्या आधी त्याच्या घराबद्दल सांगायला हवं.

हरेशला एक थोरला भाऊ होता, पंढरी. रस्त्यावर ट्रेलरच्या धडकेत तो गेला, तेव्हा त्याची मुलगी क्षिप्रा तीन वर्षांची होती. पंढरीची बायको जेमतेम तेवीस वर्षांची. वर्षभराने हरेशची आई गोजरा हिनेच व्याह्यांना निरोप धाडला, की पोरीचं दुसरं लग्न करा, तिचं आयुष्य असं जाळू नका. नातीला मात्र गोजराने ठेवून घेतलं. पुढे हरेशचं लग्न ठरलं. हळदीच्या दिवशी तो पाटावर बसला, तेव्हा क्षिप्रा त्याच्या मांडीवर येऊन बसली आणि काही केल्या उठेना. बायका हसल्या, आणि तिच्याही गालांना हळद लागली. नवी सून सुनीती मांडवात आली, तेव्हा तिला नवऱ्याबरोबर एक पिवळी पोरही मिळाली. सुनीतीला पुढे मूल झालं नाही. झालं नाही म्हणून त्या घरात कुणी रडलंही नाही.

क्षिप्रा हरेशला बाबा म्हणते. भिंतीवरच्या पंढरीला ती लहानपणापासून 'फोटोतले बाबा' म्हणते. आणि गोजरा रोज सकाळी, क्षिप्रा कॉलेजला निघाली की, ओटीवरून सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी हाक मारते, "क्षिप्रा पंढरी घरत, डबा घेतलास का?" पूर्ण नावानिशी. गेलेल्या मुलाचं नाव रोज एकदा तोंडात यावं, म्हणून म्हातारीने काढलेली ही वाट आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. बोलत कुणी नाही.

क्षिप्रा सीवूड्सच्या बाजूला एका कॉलेजात बी. फार्म. करते, तिसऱ्या वर्षाला आहे. तिची फी हरेश भरतो. आता, पगारदार माणसाने मुलांच्या कॉलेजची फी भरली तर त्यातली शिक्षण शुल्काची रक्कम, जुन्या करपद्धतीत, उत्पन्नातून वजा होते आणि कर कमी बसतो. त्यासाठी दर जानेवारीत कंपनीत एक फॉर्म आणि फीची पावती द्यावी लागते. फॉर्मवर एक रकाना असतो, विद्यार्थ्याशी नातं. हरेशने दोन वर्षं तिथे लिहिलं, मुलगी. लिहिताना त्याचा हात क्षणभरही थांबला नाही. थांबायचं कारणच नव्हतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बेलापूरच्या ऑफिसातून सुगतचा फोन आला. सुगत कंपनीत पगार आणि कराचं काम बघतो. तिशीचा, चष्मेवाला, बोलायला मऊ.

"हरेशदादा, उद्या जरा ऑफिसला येऊन जाल का?"

"काय झाला?"

"काही नाही ओ. टॅक्सवाल्यांनी सगळीकडे मेसेज पाठवलेत, आपापल्या वजावटी तपासा म्हणून. तुम्हाला नाही आला?"

"नाय."

"बरं. तर साहेब म्हणाले, आपणपण पावत्या परत बघून घेऊ. तुमच्या पावतीत थोडं मिसमॅच आहे. या, मग बोलू."

मिसमॅच. हा शब्द हरेश दिवसातून दहा वेळा स्वतः उच्चारतो. त्या दिवशी पहिल्यांदाच तो त्याच्या स्वतःच्या कागदाबद्दल होता.

कॅन्टीनमध्ये त्याच्यासमोर नदीम येऊन बसला. नदीम फोर्कलिफ्ट चालवतो, कोकणी मुसलमान, तोंडाचा फटकळ.

"काय रे हरेशभाय, असा काय बसलास? कस्टमवाला घरी जेवायला येतोय काय?"

हरेशने सांगितलं, पण अर्धंच. पावतीत काहीतरी गडबड आहे म्हणाला.

"अरे मग गेलास तू!" नदीम हसत म्हणाला. "माझ्या साडूच्या कंपनीत एकाने खोटं भाडं दाखवलं. डबल दंड, वर नोकरीपण गेली. आता रिक्षा चालवतो. रिक्षा येते ना तुला?"

टेबलावरचे सगळे हसले. हरेशही हसला. हातातली भाकरी मात्र तशीच राहिली, आणि ती त्याने नंतर कुंपणापलीकडच्या कुत्र्याला घातली.

दुसऱ्या दिवशी सुगतने त्याच्यापुढे पावती ठेवली. तिच्यावर नाव होतं: क्षिप्रा पंढरी घरत. शेजारी फॉर्म ठेवला. त्यावर कर्मचाऱ्याचं नाव: हरेश. सुगतने पावतीवरच्या मधल्या नावाखाली पेन्सिलने बारीक रेघ ओढली होती.

"दादा, हे मधलं नाव कुणाचं?"

"भावाचं. नाय तो आता."

सुगतने चष्मा काढून पुसला. "म्हणजे ती पुतणी तुमची."

पुतणी. इतक्या वर्षांत हा शब्द त्याच्या घरात कुणी वापरला नव्हता.

"असं आहे दादा, ही वजावट फक्त स्वतःच्या मुलांची मिळते. दत्तक असेल तरी मिळते. दत्तकाचा कागद आहे का?"

"घरातलं मूल घरातच दत्तक कसं घेनार, साहेब? कुनाकडून घ्यायचं? माझ्याच आईकडून?"

"ते मला समजतं. पण कायद्याला कागद लागतो." सुगतने आवाज खाली आणला. "दोन गोष्टी करा. एक, दोन्ही वर्षांचं टॅक्स रिटर्न सुधारून भरा. मागच्या वर्षाचं एकतीस डिसेंबरच्या आत, म्हणजे फक्त कर आणि थोडं व्याज. त्याच्या आधीच्या वर्षाचं वेगळ्या फॉर्मवर, त्याला कराच्या पाव पट जास्त बसेल. दुसरं, कंपनीच्या फाइलसाठी एक पत्र लिहून द्या, की विद्यार्थिनी माझी मुलगी नाही. पंधरा तारखेपर्यंत."

"नाय दिलं तर?"

"तर साहेब म्हणतील, खोटी माहिती दिली. मेमो निघू शकतो. त्याच्या पुढचं माझ्या हातात नाही." मग तो घाईघाईने म्हणाला, "पण तुम्ही स्वतःहून दिलंत तर मी बोलतो ना. टेन्शन घेऊ नका."

हरेश उठला. चाळीस हजारांच्या घरात रक्कम जाणार होती, पण दिवाळीचा बोनस बँकेत तसाच पडला होता. पैशांची भीती त्याला नव्हती. नोकरीची होती, कारण क्षिप्राची दीड वर्षं अजून बाकी होती. पण त्या भीतीच्याही खाली, विहिरीच्या तळाशी असावी तशी एक काळी भीती होती. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या सहीने, विद्यार्थिनी माझी मुलगी नाही.

इमारतीच्या जिन्यातच त्याला दुसरी गोष्ट आठवली आणि तो पायरीवरच थांबला. आयकराच्या पोर्टलवर नाव नोंदवलं होतं ते क्षिप्राने. "बाबा, नंबर कुठला घालू?" तिने विचारलं होतं. "तुझाच घाल, माझ्या फोनवर मेसेज हरवतात," असं तो म्हणाला होता. रिटर्न सुधारायचं तर ओटीपी तिच्या फोनवर जाणार. तिच्याकडूनच मागावा लागणार. कशासाठी, हे तिला सांगावं लागणार.

रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली एक टायपिंगवाला लॅपटॉप घेऊन बसला होता. हरेशचा चेहरा पाहून त्याने आपणहून हाक मारली. माणसाचं भ्यायलेलं तोंड अशा लोकांना लांबून दिसतं. हरेशने त्याला विचारलं, दत्तकाचा कागद कसा करतात?

"मागच्या तारखेचा पाहिजे का?" टायपिंगवाल्याने अगदी सहज विचारलं, चहा हवा का विचारावं तसं. "जुना स्टॅम्प आहे माझ्याकडे, दोन हजार बाराचा. मुलीच्या आईची सही तेवढी आणा. बाकी सोडा माझ्यावर."

त्याने मसुदा काढून दिला. हरेशने तिथेच उभं राहून वाचला. शेवटी लिहिलं होतं की, यापुढे मुलीचं नाव क्षिप्रा हरेश घरत असं लावलं जाईल. त्या तीन शब्दांवर त्याची नजर थांबली. नाव गोड दिसत होतं. त्याने कधी मनातही ते असं जुळवून पाहिलं नव्हतं, आणि आता कागदावर पाहिलं तर छाती भरून आली. मग दुसऱ्याच क्षणी त्याच्या लक्षात आलं. त्या नावात पंढरी कुठेच नव्हता. भाऊ दुसऱ्यांदा मेला होता, आणि या वेळी ट्रेलर हरेश चालवत होता.

तरीही त्याने तो कागद फाडला नाही. घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवला.

पुढचे आठ दिवस त्याने कसे काढले ते त्यालाच माहीत. फाटकात सरकारी वाटणारी पांढरी गाडी आली की त्याचा हात थांबायचा. एकदा त्याने एक सील चुकीचं वाचलं, आठाच्या जागी तीन. वीस वर्षांत पहिल्यांदा. समोरचा पोऱ्या चक्रावून बघतच राहिला. घरी क्षिप्राचा फोन नुसता वाजला तरी तो ताटावरून मान वर करायचा. तिने फोन उचलला की तिच्या चेहऱ्याकडे बघायचा. आणि त्याला वाटायचं, तीही आपल्याकडे बघते आहे. ती हल्ली कमी बोलत होती. जेवून लवकर उठत होती. तिला कळलं असेल का, या शंकेने तो अधिकच गप्प झाला.

सुनीतीने विचारलं, "बरं वाटत नाही का?"

"वाटतंय की."

गोजराने विचारलं नाही. ती जाळं विणावं तसे शब्द विणते, सावकाश. एका सकाळी तो बूट घालत असताना ती म्हणाली, "हरेशा, तुझा बापूस सरकारला जमीन देताना असाच बसलता. तोंडाला कुलूप. कागदावर अंगठा ठेवला आनि मंग आठ दिस जेवला नाय. तुझ्या पिशवीत कंचा कागद हाय?"

"कंपनीचा हाय, आये."

"मना वाचता येत नाय म्हनून सांगतस व्हय?" म्हातारी एवढंच म्हणाली आणि क्षिप्राला हाक मारायला ओटीवर गेली. "क्षिप्रा पंढरी घरत!" हरेशने ती हाक त्या दिवशी कान देऊन ऐकली. मधला शब्द म्हातारी किंचित लांबवते, हे त्याला तेव्हा कळलं.

चौदा डिसेंबर, रविवार. दुसऱ्या दिवशी पत्र द्यायचं होतं. दुपारची जेवणं झाली होती. अंगणात सुपात सुकट पसरली होती आणि गोजरा काठी घेऊन कावळे हाकत बसली होती. हरेशने पिशवीतून कागद काढला आणि आत आला. क्षिप्रा टेबलापाशी बसली होती. पुढे वही होती, पण वहीत काही लिहिलेलं नव्हतं.

"क्षिप्रा," तो म्हणाला, "मला तुझ्या फोनवरून एक..."

"बाबा, मला माहीत आहे."

त्याने कागद पाठीमागे धरला.

"मेसेज मलाच आला होता," ती म्हणाली. "दिवाळीनंतर लगेच. वजावट तपासा, चुकली असेल तर सुधारा, असा. मी नेटवर वाचलं सगळं. पुतणीची चालत नाही."

तो शब्द तिच्या तोंडून आला, आणि छप्पर कोसळलं नाही.

"मंग सांगितलं का नाय?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. तुम्ही काहीच बोलेनात. मला वाटलं..." तिने वहीचं पान उगाच उलटलं. "माझ्यामुळे तुमची नोकरी जाणार, असं वाटलं. रात्री झोप येईना. मी कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारून आले, मधेच सोडलं तर या वर्षाची फी परत मिळते का."

हरेशला गेले आठ दिवस ज्याची भीती वाटत होती, ती गोष्ट किती लहान होती हे त्याला तेव्हा दिसलं. तो पत्रातल्या एका वाक्याला भीत होता. आणि इकडे पोर एकटीच कॉलेजच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिली होती.

"कोनी सांगितला तुला असा शाणपना करायला?" तो ओरडला. आवाज इतका मोठा निघाला की बाहेर गोजराची काठी थांबली. "फी परत मागतेस? मी मेलोय काय?"

"ओरडू नका ना," ती म्हणाली, आणि रडू लागली. मग रडता रडताच म्हणाली, "किती परत देतात माहितीये? काहीच नाही. मान वरही न करता क्लार्कने सांगितलं, नो रिफंड."

सुनीती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिला काही कळलं नव्हतं आणि सगळं कळलं होतं.

क्षिप्राने डोळे पुसले आणि त्याच्या हातातला कागद घेतला. वाचला. शेवटच्या ओळीपाशी ती पुष्कळ वेळ थांबली. क्षिप्रा हरेश घरत. तिने ते ओठातल्या ओठात म्हणून पाहिलं. हरेश तिच्या ओठांकडे बघत होता. ती हो म्हणेल याची त्याला भीती होती, आणि नाही म्हणेल याचीही.

"छान वाटतं," ती म्हणाली. "पण मग आजी सकाळी काय हाक मारणार?"

तिने कागदाची घडी घातली आणि त्याला परत दिली. त्याने तो चुलीपाशी नेऊन सुनीतीच्या हातात दिला. तिने काय करायचं ते विचारलं नाही.

मग पत्र लिहायला बसले. क्षिप्राने कोरा कागद पुढे ठेवला. हरेशने पेन धरलं, आणि पुढे काही होईना. "विद्यार्थिनी माझी," एवढं लिहून तो थांबला. पुढचा शब्द कागदावर उतरेना.

"असं नका लिहू," क्षिप्रा म्हणाली. "खरं काय ते लिहा. मी सांगते." आणि ती सांगत गेली, तो लिहीत गेला. 'क्षिप्रा ही माझे थोरले बंधू कै. पंढरी घरत यांची मुलगी. तिच्या वयाच्या तिसऱ्या वर्षापासून मी, व लग्नानंतर माझी पत्नीही, तिला वाढवीत आहोत. तिची फी मीच भरली आहे व पुढेही भरणार आहे. मात्र कायद्याप्रमाणे ती माझं अपत्य धरली जात नाही, म्हणून मी घेतलेली वजावट मागे घेत आहे.'

सही करून त्याने पेन खाली ठेवलं.

दोन्ही वर्षांची रिटर्न तिनेच फोनवरून भरली. शेवटी तिच्या फोनवर सहा आकडे आले. ते घालायचे हरेशने, असा त्याचा हट्ट.

"चार, शून्य, सात," ती वाचू लागली, "सात, एक, नऊ."

"परत सांग," हरेश म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग परत वाचले, सावकाश, एक एक. त्याने अंगठा स्क्रीनवर पुसला, जसा सीलवर पुसतो, आणि दाबला.

बाहेरून गोजरा ओरडली, "झाला का तुमचा? सुकट कावळं नेतात, मी एकटी किती हाकू?"

सोमवारी सुगतने पत्र वाचलं. एकदा, मग पुन्हा. "दादा, एवढं लांब लागत नाही. एक ओळ पुरते. ही मधली वाक्यं काढून दुसरं टाइप करून देऊ का? साहेबांना उगाच..."

"नाय," हरेश म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता, तरी शब्द स्पष्ट होता. "हायती तशी राहू द्या."

"मेमोचं मी सांगू शकत नाही हां. बोलेन मी, पण सांगू शकत नाही."

"मला माहीत हाय."

सुगतने खांदे उडवले, आणि पोच द्यायला शिक्का उचलला. तो कागदावर आपटला तेव्हा हरेश दचकला. मग त्याने पोचपावती खिडकीच्या उजेडात धरली आणि तिच्यावरचा आवक नंबर मोठ्याने वाचला.

"परत सांगा," तो सुगतला म्हणाला.